हुरड्याचा धडा पुस्तकात का नाही?

गेल्या पौषातली गोष्ट. नववीच्या वर्गाला घेऊन मी नेवाशाजवळच्या एका शेतावर गेलो होतो. निमित्त परिसर-अभ्यासाचे होते; मुलांना ओढ अर्थातच हुरड्याची होती. आगटी पेटलेली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसे खुपसलेली, आणि शेताच्या मालकीणबाई गरम कणसे हातावर चोळून मुलांच्या ओंजळीत हिरवे दाणे टाकीत होत्या. बरोबर तिळाची चटणी आणि गुळाचा खडा. खाता खाता एका मुलीने विचारले, "सर, हुरडा इतका गोड लागतो, मग हीच ज्वारी पिकल्यावर गोड का लागत नाही?"

मी मास्तरी थाटात उत्तर दिले, "पिकताना दाणा वाळतो. त्याबरोबर गोडीही आटते."

मुलगी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "पण सर, उसाचा रस आटवला की तो अगोड होत नाही. त्याचा गूळ होतो."

विद्यार्थी मित्रहो, पंचवीस वर्षे विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला एवढ्या साध्या वाक्याने निरुत्तर केले. तिचे बरोबर होते. पाणी आटल्याने साखर नाहीशी होत नाही, उलट दाट होते. मग ज्वारीच्या दाण्यातली साखर जाते कोठे? याचे खरे उत्तर मला माहीत नव्हते असे नाही. महाविद्यालयात ते मी शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही होते. पण त्या उत्तराचा आणि हातातल्या हुरड्याचा काही संबंध आहे, हे इतक्या वर्षांत माझ्या मनात आले नव्हते. हा दोष माझा आहेच. परंतु आपण विकरे ज्या पद्धतीने शिकवतो, त्या पद्धतीचाही तो आहे, असे मला वाटते. त्याविषयी चार शब्द लिहावेत म्हणून हा लेख.

'विकर' म्हणजे एन्झाइम हा शब्द आपल्याला पहिल्यांदा बहुधा पचनसंस्थेच्या पाठात भेटतो. लाळेतील अमायलेज स्टार्चचे रूपांतर साखरेत करते, जठरातील पेप्सिन प्रथिनांचे तुकडे करते, वगैरे. प्रयोगही ठरलेला असतो: भाताची शिते चावायची, आयोडीनचा थेंब टाकायचा, निळा रंग येतो की नाही ते पाहायचे. प्रयोग चांगला आहे. पण त्यातून मुलांच्या मनात एक समजूत पक्की बसते, ती अशी की विकर म्हणजे मोडतोड करणारा पदार्थ. भाताच्या त्या शितात स्टार्च आला कोठून, तो कोणी घडवला, हा प्रश्न विचारलाच जात नाही. प्रकाशसंश्लेषणाच्या पाठात पानाला आयोडीन लावून आपण स्टार्च दाखवतो आणि 'जादा अन्न स्टार्चच्या रूपात साठवले जाते' असे एक वाक्य लिहून पुढे जातो. 'साठवले जाते' म्हणजे जणू कणगीत धान्य ओतले! वास्तविक तो साठा एकेक रेणू जोडून बांधावा लागतो, आणि बांधणारे गवंडीही विकरेच असतात. आपल्या भाकरीचा, भाताचा, पोळीचा बहुतेक भाग याच गवंड्यांनी उभा केलेला असतो. त्यांच्याविषयी शाळेत एक ओळही नसावी, हे मला पटत नाही.

गंमत अशी की शाळेत नसलेला हा विषय आपल्या बोलीत मात्र आहे. ज्वारी पोटरीत येते, निसवते, फुलोऱ्यात येते. मग दाणा चिकात येतो, नंतर हुरड्यात येतो आणि शेवटी टणक होतो. चिकाच्या वेळी दाणा नखाने दाबला तर दुधासारखा पांढरा द्रव बाहेर येतो. पाण्यात विरघळलेली साखर आणि तिच्यात तरंगणारे, नुकतेच बनू लागलेले स्टार्चचे कण असा तो द्रव असतो. पुढे कण वाढतात, दाटी होते, द्रवाची कणीक होते, तो हुरडा. हुरड्यात स्टार्च पुष्कळ झालेला असतो, पण काम पुरे झालेले नसते; अजून बरीच साखर शिल्लक असते आणि तीच आपल्याला गोड लागते. काम संपते तेव्हा दाण्याच्या बुडाशी एक काळा ठिपका दिसू लागतो. ताटाकडून येणारी रसद तेथे बंद झाली, अशी ती खूण होय. 'चीक', 'हुरडा' हे शब्द वापरणाऱ्या माणसाला रसायनशास्त्र माहीत नसेल, पण रासायनिक क्रियेच्या पायऱ्या त्याने बिनचूक ओळखल्या आहेत. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून जो पांढरा चीक काढतात, तो तर बव्हंशी स्टार्चच. शब्द तोच ठेवणाऱ्यांच्या निरीक्षणाला दाद द्यावीशी वाटते.

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळू. तिने नकळत एक फार चांगली तुलना केली होती. आमच्या तालुक्यात मुळा धरणाच्या कालव्याखाली ऊस आणि जिरायत रानात ज्वारी असे चित्र पूर्वापार दिसते. ऊस, ज्वारी आणि मका ही तिन्ही गवते एकाच गोतातली. तिन्हींच्या पानांत साखर बनवण्याची रीत सारखीच. ती साखर सुक्रोजच्या रूपाने पानांतून खाली उतरते. ऊस ती कांड्यांत सुक्रोज म्हणूनच ठेवतो. ज्वारी मात्र ती कणसाकडे पाठवते आणि दाण्यात तिचा स्टार्च करते. हा फरक का? ऊस कांडीवाटे पुन्हा वाढू शकतो. ज्वारीला मात्र सहा-आठ महिने कोरडे पडून राहील आणि पुढच्या पावसात रुजेल असे बी तयार करायचे असते.

साखर साठवण्यात दोन अडचणी आहेत. पहिली, ती विरघळते आणि पाणी ओढते. बेदाणा पाण्यात टाकला की टम्म फुगतो, हा प्रयोग तुम्ही केला असेलच. असे पाणी ओढले जाणे हे द्रावणातील कणांच्या वजनावर नव्हे, तर संख्येवर अवलंबून असते. ग्लुकोजचे हजारो रेणू एकमेकांना जोडून एकच प्रचंड रेणू केला, की कणांची संख्या हजारो पटींनी घटते. शिवाय तो विरघळत नाही. ओढाताण संपली. दुसरी अडचण, साखर टिकत नाही. ऊस तोडल्यावर गाळायला उशीर झाला की उतारा घटतो, हे कारखान्याच्या काट्यावर रात्र काढलेला कोणीही सांगेल. तोडलेल्या उसातील इन्व्हर्टेज नावाचे विकर सुक्रोजचे तुकडे करीत राहते. उलट ज्वारी कणगीत, बळदात, पेवात वर्षानुवर्षे राहते. प्रवरेकाठच्या ज्या पांढरीच्या टेकाडावर डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले, तेथे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन वस्ती निघाली. एका जागी घर बांधून राहणे त्या माणसांना परवडले, ते धान्य साठवता येते म्हणून. आणि धान्य साठवता येते, ते त्यात साखरेऐवजी स्टार्च असतो म्हणून.

तर हा स्टार्च बनतो कसा? सुक्रोज दाण्यात पोचले की आधी ते फोडावे लागते. हे काम मुख्यतः 'सुक्रोज सिंथेज' करते. नाव फसवे आहे. नावाने जोडणारे, पण दाण्यात काम फोडण्याचे. त्यातून पुढे ग्लुकोजला फॉस्फेट जोडलेला रेणू तयार होतो. मात्र तो जसाच्या तसा साखळीत बसत नाही. पेशीतील ऊर्जेचे चलन जे एटीपी, ते खर्च करून त्याला एक मूठ बसवावी लागते. मूठ बसवलेल्या या ग्लुकोजचे नाव एडीपी-ग्लुकोज. ते तयार करणाऱ्या विकराचे नाव भलतेच लांब आहे: एडीपी-ग्लुकोज पायरोफॉस्फोरायलेज. हे नाव पाठ करू नका. ते काय करते तेवढे लक्षात ठेवा. दाण्याच्या कारखान्यातील ही मुख्य चावी. ती किती उघडी आहे यावर स्टार्च किती वेगाने बनेल ते मोठ्या प्रमाणात ठरते. बहुतेक वनस्पतींत ही चावी स्टार्च जेथे बनतो त्या पेशीतील लहानशा पिशवीच्या, म्हणजे अमायलोप्लास्टच्या, आत असते. तृणधान्यांच्या दाण्यात मात्र ती बहुतांशी बाहेर असते, आणि तयार झालेले एडीपी-ग्लुकोज मग आत नेले जाते. गवताच्या कुळाची ही स्वतःची रीत आहे.

आत गेल्यावर 'स्टार्च सिंथेज' या गटातील विकरे मूठ काढून घेतात आणि ग्लुकोज साखळीच्या टोकाला जोडतात. पुन्हा एक, पुन्हा एक. साखळी पुरेशी लांब झाली की 'शाखाकारक' विकर तिचा तुकडा कापून बाजूला फांदीसारखा डकवते. फांद्यांना फांद्या फुटतात. या फांद्या वेड्यावाकड्या झाल्या तर त्या एकमेकींत नीट बसणार नाहीत आणि घट्ट कण बनणार नाही. म्हणून नको तेथील फांद्या छाटणारे आणखी एक विकर असते. मोडणारे विकर घडवण्याच्या कामी कसे लागते, ते येथे पाहावे! अशा फांद्यांच्या स्टार्चला अमायलोपेक्टिन म्हणतात. सामान्य धान्यात स्टार्चचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग त्याचा असतो. उरलेला भाग जवळजवळ बिनफांद्यांचा, तो अमायलोज. आयोडीनने येणारा गडद निळा रंग मुख्यतः अमायलोजमुळे येतो. अमायलोज घडवणारे वेगळेच एक विकर असते, ते स्टार्चच्या कणालाच चिकटून काम करते. ज्या वाणात ते निकामी असते, त्या वाणाच्या दाण्याला आयोडीन लावले तर निळ्याऐवजी तांबूस तपकिरी रंग येतो. १९०९ मध्ये चीनमधून आलेल्या अशा मक्याचे वर्णन अमेरिकेत प्रसिद्ध झाले. आसामातील चिकट बोरा तांदूळ याच जातीचा. भात मोकळा होणार की चिकट, यामागेही अमायलोजच्या प्रमाणाचा मोठा हात असतो.

हे सारे कळायला वेळ लागला. १९४० मध्ये केंब्रिजच्या हेन्स यांनी वनस्पतीतील फॉस्फोरायलेज नावाचे विकर वापरून परीक्षानळीत स्टार्चसारखा पदार्थ बनवून दाखवला. सर्वांना वाटले, कोडे सुटले. वीस वर्षे हाच समज राहिला. मात्र जिवंत पेशीत फॉस्फेट इतके असते की हे विकर तेथे जोडण्याऐवजी तोडण्याकडेच झुकते. खरी वाट सापडली ती अर्जेंटिनातील लुई लेल्वा आणि त्यांचे सहकारी यांना, १९६० आणि १९६१ मध्ये. मूठ बसवलेले ग्लुकोज ते हेच, हे त्यांनी दाखवले. अशा 'मूठवाल्या' शर्करांच्या शोधाबद्दल लेल्वा यांना १९७० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परीक्षानळीत घडते ते पेशीत घडतेच असे नाही, हे शिकवायला यापेक्षा चांगली गोष्ट मला माहीत नाही. तरी आमच्या वर्गात नोबेल म्हटले की चार-दोन ठराविक नावांपलीकडे आपण जात नाही.

आता माझी खरी तक्रार सांगतो. मेंडेलचा वाटाणा तुम्ही सर्वांनी अभ्यासलेला आहे. गोल आणि सुरकुतलेला, तीनास एक. परीक्षेत चौकट काढून गुण मिळवले आहेत. सुरकुतलेला वाटाणा सुरकुततो का, हे तुम्हाला कोणी सांगितले आहे काय? मेंडेलने आपला निबंध १८६६ मध्ये छापला. या प्रश्नाचे उत्तर मिळायला १९९० साल उजाडले. इंग्लंडमधील संशोधकांना असे आढळले की सुरकुतलेल्या वाटाण्यात शाखाकारक विकराच्या जनुकात डीएनएचा एक परका तुकडा घुसलेला आहे. जनुक मोडले, म्हणून विकर निकामी. विकर निकामी, म्हणून फांद्या कमी. फांद्या कमी, म्हणून स्टार्च कमी आणि साखर जास्त. जास्त साखरेने कोवळ्या वाटाण्यात पाणी ओढले गेले, तो फुगला. आणि वाळताना ते पाणी निघून गेल्यावर साल सैल पडून सुरकुतली. हाच बेदाणा उलटा! वाटाणा हे तृणधान्य नव्हे, पण विकर तेच. बाजारात कागदी पेल्यांतून मिळणाऱ्या स्वीट कॉर्नचीही कथा अशीच आहे. त्याच्या काही वाणांत छाटणी करणारे विकर बिघडलेले असते, तर काहींत एडीपी-ग्लुकोजची ती मुख्य चावीच. काम अडले, म्हणून साखर तुंबली, म्हणून दाणा गोड. स्वीट कॉर्नचे बी म्हणून ठेवलेले दाणे पाहा. तेही सुरकुतलेलेच असतात.

म्हणजे अनुवंशिकतेचा पाठ, पचनाचा पाठ, प्रकाशसंश्लेषणाचा पाठ आणि परासरणाचा पाठ या चौघांना जोडणारा धागा आपल्या हातात आहे. तो आपण ओढत नाही. चार पाठ चार कप्प्यांत राहतात.

कोणी म्हणेल, धागा ओढला नाही तर बिघडले काय? काय बिघडते ते मी २०२२ साली पाहिले. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी ऊस तुटून गेल्यावर डिसेंबराच्या मध्यास गहू पेरला होता. ओंब्या चांगल्या निसवल्या. पाणी होते, खत होते. दाणा भरू लागला आणि मार्च महिना आला. तो मार्च साधा नव्हता. देशाचे सरासरी कमाल तापमान ३३.१० अंश सेल्सिअस भरले. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका उष्ण मार्च झाला नव्हता. गहू मळला तेव्हा दाणे बारीक, चिरमटलेले. भाव पडून मिळाला. वडिलांनी दोष दिला बियाण्याला, शेजाऱ्याने खताला. मुलगा माझ्याकडे आला आणि मी म्हणालो, "उन्हाने झाले." हेही उत्तर अपुरेच होते. उन्हाने काय केले?

गव्हातील स्टार्च सिंथेज हे विकर थंडीतल्या पिकाचे विकर आहे. सुमारे २० ते २५ अंशांच्या आसपास ते उत्तम चालते. ३० च्या वर ते दुबळे पडू लागते आणि तापमान उतरल्यावरही लगेच पूर्ववत होत नाही. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड येथील संशोधनातून हे स्पष्ट झाले. म्हणजे ओंबीपर्यंत साखर पोचलेली असते, पण ती साखळीत जोडणारा हात थकलेला असतो. भरीस भर म्हणून उष्णतेने पीक लवकर पिकते आणि दाणा भरण्याचे दिवसच कमी होतात. मुळाशी ओल कमी पडली तर आणखी वेगळे. सगळे खापर एका विकरावर फोडू नये, हे मला मान्य आहे. पण ज्याचे नावच ठाऊक नाही, त्याचा विचार कोण करणार? त्या वर्षी पंजाब-हरियाणातही गव्हाला हाच फटका बसला. देशाच्या गहू उत्पादनाचा सरकारी अंदाज ११ कोटी १३ लाख टनांवरून १० कोटी ६४ लाख टनांवर आणावा लागला आणि १३ मे २०२२ रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. पेशीतील डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रथिनाचा संबंध थेट देशाच्या व्यापाराशी पोचतो, तो असा.

रब्बी ज्वारी सप्टेंबराच्या मध्यापासून ऑक्टोबराच्या मध्यापर्यंत पेरतात. तिचा दाणा डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत भरतो. गहू नोव्हेंबराच्या पहिल्या पंधरवड्यात पेरला तर तोही बराचसा निभावतो. ऊस तुटण्याची वाट पाहत पेरणी महिनाभर लांबली, की दाणा भरण्याचे दिवस थेट उन्हाच्या तोंडी जातात. कृषी विद्यापीठे वेळेवर पेरणीचा सल्ला दरवर्षी देतात. हा सल्ला 'करा' एवढाच न राहता 'का करा' हे समजून आला, तर तो पाळला जाण्याचा संभव अधिक. उद्या कारखान्याची तोडणी लांबली, तर त्या रानात गहू घ्यावा की हरभरा, की रान तसेच ठेवावे, याचा हिशेब माझा विद्यार्थी करू शकेल. त्याच्या वडिलांना तो करता आला नाही, कारण त्यांच्या शाळेत तो नव्हता. आणि मार्च महिने थंड होत जातील अशी चिन्हे नाहीत.

माझ्या सहकारी शिक्षकांचे दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, अभ्यासक्रम आधीच फुगलेला आहे. तो आहेच. म्हणून नवा पाठ घाला असे मी म्हणत नाही. लाळेचा प्रयोग ज्या तासाला करता, त्याच तासाला एक प्रश्न विचारा: जे विकर मोडते ते आपण पाहिले, आता जे घडवते ते कोठे पाहता येईल? मेंडेलची चौकट काढून झाल्यावर पाच मिनिटे सुरकुतीला द्या. विकरांची नावे फळ्यावर लिहूच नका. 'फोडणारे', 'मूठ बसवणारे', 'जोडणारे', 'फांदी काढणारे', 'छाटणारे' एवढे पुरे. नावे घोकून घेणार असाल, तर मात्र हा विषय शाळेत न आलेलाच बरा. 

दुसरा आक्षेप एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तोंडावर घेतला. ते म्हणाले, "ही पोरे शेतातून सुटण्यासाठी शाळेत येतात. त्यांना पुन्हा ज्वारीच शिकवायची?" हा आक्षेप मला पहिल्यापेक्षा जड वाटला आणि अजूनही वाटतो. शेतकऱ्याच्या मुलाला शेतीचेच विज्ञान आणि शहरातल्या मुलाला अवकाशाचे, अशी वाटणी मला मुळीच नको आहे. पण मी सांगतो ते ज्वारीचे पीकशास्त्र नव्हे. ज्या विषयावर नोबेल मिळाले, ज्यात मेंडेलचे कोडे सुटले, तो विषय आहे. आणि त्याचे उत्तम प्रयोगद्रव्य आमच्या शाळेच्या कुंपणापलीकडे फुकट उभे आहे. मुंबईच्या शाळेला ते मिळवायला प्रवास करावा लागेल. आपल्या बाजूची ही एकच गोष्ट आपण का टाकून द्यावी?

प्रयोग सांगतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी या हंगामात जरूर करावा. ज्वारीचे ताट फुलोऱ्यात आले की एकाच दिवशी फुललेली दहा-बारा कणसे निवडून त्यांना दोरा बांधा आणि तारीख लिहा. दहाव्या दिवसापासून दर पाच दिवसांनी एक कणीस आणा. त्याच्या मधल्या भागातील शंभर दाणे मोजून घ्या, उन्हात कडक वाळवा आणि तोला. पिकलेल्या ज्वारीचे शंभर दाणे साधारण तीन ते चार ग्रॅम भरतात. वहीत वजनाचा आलेख काढा. दुसरे दहा दाणे ताजेच कापून त्यांवर पातळ केलेल्या टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. येथे एक सावधगिरी हवी. स्टार्च फार लवकर बनू लागतो, त्यामुळे निळा रंग सुरुवातीलाच दिसेल. रंग 'आहे की नाही' ते सांगतो, 'किती' ते सांगत नाही. 'किती' ते तराजू सांगतो. आयोडीन न लावलेले एक-दोन दाणे चाखून चवही नोंदवा. मात्र त्या शेतात फवारणी झालेली नाही याची आधी खात्री करा.

एक कणीस हुरड्यात असताना खुडून, सावलीत दोन दिवस ठेवून मग चाखा. ताज्याशी तुलना करा. मक्याच्या कोवळ्या कणसात खुडल्यानंतरही जोडणारी विकरे काम करीत राहतात आणि गोडी झपाट्याने कमी होते. हुरड्याचे तसेच होते का, ते तुम्हीच पाहा. आगटीत भाजले की उष्णतेने ही विकरे निकामी होतात आणि काम जेथल्या तेथे थांबते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी 'फुले उत्तरा' आणि 'फुले मधुर' असे वाण दिले आहेत, आणि गुळभेंडी तर जुनीच. मालदांडी आणि यांपैकी एखादा वाण शेजारी शेजारी लावता आला, तर दोन आलेख एकाच कागदावर येतील.

आमच्या शाळेने आवारात गव्हाचे दोन वाफे आखले आहेत. बियाणे एक, खत एक, पाणी एक. पहिला वाफा १० नोव्हेंबरला पेरायचा आणि दुसरा १५ डिसेंबरला. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोजचे कमाल तापमान टिपायचे आणि शेवटी दोन्हींचे शंभर-शंभर दाणे तोलायचे. गुळाचा दाखला देणारी ती मुलगी आता दहावीत गेली आहे. परीक्षेचे वर्ष आहे, तरी तराजूची जबाबदारी तिने मागून घेतली आहे. दुसरा वाफा ज्याच्या घरचा गहू चिरमटला होता, त्याचा धाकटा भाऊ पाहणार आहे.